हिमालय नसलेली आकृती

पीएचडीच्या पहिल्या मुलाखतीत मला विचारलेला दुसराच प्रश्न होता, "हिमालयात ज्वालामुखी का नाहीत?" एमएस्सीचे मार्क चांगले होते, नेट झालेलं होतं, त्यामुळे मी आत्मविश्वासाने सुरू केलं. दोन प्लेट एकमेकींवर आदळतात, घासतात, घर्षणाने उष्णता तयार होते, खडक वितळतात, शिलारस वर येतो... इथपर्यंत आले आणि माझं मलाच कळलं की मी हिमालयात ज्वालामुखी का आहेत याचं उत्तर देते आहे. समोरचे सर काही बोलले नाहीत, फक्त "मग?" एवढंच म्हणाले.

त्या वर्षी माझी निवड झाली नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडे झाली. पण तो "मग?" डोक्यातून गेला नाही, आणि मी मागे जाऊन शोधायला लागले की हे उत्तर माझ्या तोंडी बसवलं कुणी. कुठल्या एका पुस्तकात ते सापडलं नाही. ते सापडलं एका आकृतीत. म्हणून आजची पोस्ट ही एका आकृतीची समीक्षा आहे. पुस्तकांची समीक्षा होते, पेपरची होते, आकृतीची सहसा कोणी करत नाही. आपण ती फक्त पाठ करतो आणि पेन्सिलने उतरवतो.

आकृती तुम्ही पाहिलेली आहेच. पृथ्वीचा एक आडवा काप. मध्यभागी समुद्राखालची पर्वतरांग, तिथून दोन्ही बाजूंना जाणारे बाण. एका बाजूला गर्ता आणि द्वीपमाला, दुसऱ्या बाजूला गर्ता आणि खंडाच्या काठावर धूर सोडणारा ज्वालामुखी, मध्येच एक हॉटस्पॉट, आणि अगदी कडेला फाटत चाललेला खंड. हिचं सगळ्यात जास्त नक्कल झालेलं रूप होझे व्हिजिल या चित्रकाराचं आहे. 'धिस डायनॅमिक प्लॅनेट' नावाच्या भिंतीवरच्या नकाशासाठी ते काढलं गेलं, आणि अमेरिकेच्या भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षणाच्या 'धिस डायनॅमिक अर्थ' या 1996 च्या पुस्तिकेतून ते जगभर गेलं. पुस्तिका लिहिली जॅकलीन किअस आणि रॉबर्ट टिलिंग यांनी. नेटवर फुकट मिळते, भाषा सोपी आहे, वाचली नसेल तर जरूर वाचा. माझी तक्रार पुस्तिकेपेक्षा तिच्या नकलांबद्दल जास्त आहे, पण मूळ चित्राबद्दलही थोडी आहे.

आधी चांगलं सांगते. या चित्रात प्लेट म्हणजे भूकवच, ही चूक नाही. प्लेट म्हणजे शिलावरण, म्हणजे भूकवच आणि त्याखालचा प्रावरणाचा वरचा थंड, ताठ भाग मिळून झालेली, ठोकळमानाने 100 किमी जाडीची चकती, हे तिथे बरोबर दाखवलंय. आपल्याकडच्या कित्येक गाइडमध्ये अजूनही "भूकवचाचे तुकडे म्हणजे प्लेट" असं छापून येतं. हॉटस्पॉट सीमेपासून लांब ठेवलाय, तेही योग्य. पसरट ढाल-ज्वालामुखी आणि उंच शंकूचा ज्वालामुखी यांना वेगळी नावं दिली आहेत. एका पानावर एवढं बसवणं सोपं नाही.

आता हीच आकृती पुन्हा नीट बघा आणि तिच्यात हिमालय शोधा.

नाहीये. समुद्री प्लेट समुद्री प्लेटखाली जाते, ते आहे. समुद्री प्लेट खंडाखाली जाते, तेही आहे. खंडावर खंड आदळतो, ते नाही. पुस्तिकेत भारत आणि युरेशियाच्या टक्करीवर वेगळा मजकूर आहे, वेगळ्या आकृत्या आहेत, त्यामुळे लेखकांवर विसरल्याचा आरोप करता येणार नाही. पण नक्कल करणाऱ्यांनी उचललं ते हे एकच चित्र. आणि या चित्रात जिथे जिथे प्लेट एकत्र येतात तिथे तिथे ज्वालामुखी आहे. मग पाहणाऱ्याच्या मनात समीकरण तयार होतं: टक्कर म्हणजे पर्वत म्हणजे ज्वालामुखी. माझ्या मनात तेच झालं होतं. भारतातल्या विद्यार्थ्याने भारतातला सगळ्यात मोठा पर्वत ज्यात नाही अशा आकृतीवरून पर्वतनिर्मिती शिकायची, ही जरा गंमतच आहे.

दुसरी गोष्ट, जी मला जास्त गंभीर वाटते: आकृतीत पाणी कुठेच नाही. समुद्र निळा रंगवलाय, ते वेगळं. मी म्हणतेय ते खडकातलं पाणी. समुद्राच्या तळाचा खडक लाखो वर्षं पाण्यात मुरतो, त्यातली खनिजं पाणी आपल्या रचनेत धरून ठेवतात. सर्पेंटाइन आणि अँफिबोल ही त्यातली ओळखीची नावं. अशी मुरलेली प्लेट खाली जाते, दाब आणि तापमान वाढतं, खनिजं मोडतात आणि पाणी सुटतं. ते पाणी वर, म्हणजे वरच्या प्लेटखालच्या गरम प्रावरणात शिरतं आणि तिथल्या खडकाचा वितळणबिंदू काही शे अंशांनी खाली आणतं. खडक आधीपासून गरमच होता. त्याला आणखी तापवायची गरज पडली नाही. रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकलं की बर्फ न तापवताच वितळतो, साधारण तसं. थोडक्यात, जो वितळतो तो मुख्यतः खाली जाणाऱ्या प्लेटचा खडक नाही, तिच्या वरचा खडक आहे. यावर पुस्तिकेतला मजकूर मोघम आहे, आज वाचताना जुना वाटतो. नकलांमध्ये तर प्लेटचं खालचं टोकच लाल करून वितळताना दाखवतात.

आणि घर्षण? घर्षणाचं उत्तर चूक आहे हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, तीच आकृती पुरते. दोन प्लेट एकमेकींवर सगळ्यात जोरात कुठे घासतात? गर्तेपासून खाली पहिल्या काही दहा किलोमीटरमध्ये. मोठे भूकंप तिथेच होतात. घर्षणाने शिलारस बनत असता तर ज्वालामुखी गर्तेला खेटून असायला हवे होते. प्रत्यक्षात गर्तेजवळचा पट्टा थंड असतो, तिथून बाहेर पडणारी उष्णता कमी मोजली जाते. ज्वालामुखींची रांग गर्तेपासून शंभर ते तीनशे किमी मागे असते, साधारण तिथे, जिथे खाली गेलेली प्लेट सुमारे 100 किमी खोल पोहोचलेली असते. म्हणजे हे चित्र स्वतःच घर्षणाच्या विरोधात साक्ष देतं. मी ते पाच वर्षं उतरवत होते, पण कधी वाचलं नव्हतं.

समुद्रमध्य रांगेवर गोष्ट आणखी वेगळी. तिथे ना पाण्याची मदत, ना जादा उष्णता. प्लेट बाजूला सरकतात म्हणून खालचा प्रावरण-खडक वर येतो. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो. खडक वर चढताना फार थंड होत नाही, किलोमीटरला जेमतेम अर्ध्या अंशाच्या आसपास. पण दाब उतरल्यामुळे त्याचा वितळणबिंदू किलोमीटरला तीन-चार अंशांनी खाली येतो. दोन रेषा वेगवेगळ्या उताराच्या, कुठेतरी छेदणारच. साधारण 60 ते 70 किमी खोलीवर त्या छेदतात आणि खडक थोडा थोडा वितळू लागतो. त्यातूनच सहा-सात किमी जाडीचं समुद्री भूकवच तयार होतं. म्हणजे "पृथ्वीच्या पोटात उष्णता आहे म्हणून ज्वालामुखी" हे वाक्य खोटं नाही, पण ते काहीच सांगत नाही. उष्णता सगळीकडे आहे. ज्वालामुखी मोजक्या जागी आहेत. प्रश्न तापमानाचा नसून वितळणबिंदूचा आहे. मुलाखतीत हे एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं.

आता हिमालयाकडे परत. टक्करीच्या आधी तिथे ज्वालामुखी होते! टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली जात होता, आणि आशियाच्या दक्षिण काठावर आज अँडीजमध्ये दिसते तशी ज्वालामुखींची रांग होती. लेह शहराच्या उत्तरेला जो करड्या ग्रॅनाइटसारख्या खडकांचा डोंगर दिसतो, तो त्या रांगेच्या पोटात गोठलेला शिलारस, लडाख बॅथोलिथ. खारदुंगला जाताना ज्वालामुखीचे खडक मिळतात, द्रासलाही मिळतात. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी समुद्र संपला. भारताचा खंडीय कवच हलका, तो समुद्रतळासारखा सरळ बुडत नाही. समुद्रतळ संपला तसा पाण्याचा पुरवठा संपला आणि रांग विझली. (तिबेटमध्ये टक्करीनंतरचेही ज्वालामुखी खडक सापडतात, त्यांचं कारण वेगळं शोधावं लागतं. मुलाखतीत कोणी अडवलं तर "हिमालय" आणि "तिबेट" हे शब्द अदलाबदल करून वापरू नका.)

मग हिमालयात शिलारस मुळीच तयार झाला नाही का? झाला की. कवच दुमडून जाड झालं, त्यातले गाळाचे रूपांतरित खडक खोलवर तापले आणि काही वितळले. पण हा शिलारस सिलिकाने भरलेला, चिकट, थोडासा, आणि वर जाड कवचाचं झाकण. तो बाहेर न पडता आतच गोठला आणि पांढुरका ल्युकोग्रॅनाइट झाला. गोमुखच्या वर तपोवनला गेला असाल तर शिवलिंग शिखर समोर उभं असतं. ते आणि भागीरथी शिखरं याच खडकाची आहेत. सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वी गोठलेला शिलारस आपण "हिमालयात ज्वालामुखी नाही" म्हणत म्हणत फोटोत घेऊन येतो.

याच भारतीय प्लेटचं दुसरं टोक बघितलं की मुद्दा पक्का होतो. अंदमानात हीच प्लेट पूर्वेकडच्या प्लेटखाली जाते, पण तिथे ती समुद्रतळ घेऊन जाते. तिथे बॅरन बेट आहे, भारतातला एकमेव सक्रिय ज्वालामुखी. दीडशेहून जास्त वर्षं शांत राहून 1991 मध्ये तो पुन्हा जागा झाला. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. अंदमानची मुख्य बेटं, जिथे डोंगर आहेत, ती ज्वालामुखीची नाहीत. ती समुद्रतळाचा गाळ आणि खडक खरवडून, चिरडून वर आलेली आहेत. ज्वालामुखी त्यांच्या पूर्वेला, वेगळा, एकटा. म्हणजे जिथे दोन्ही आहेत तिथेही पर्वत आणि ज्वालामुखी एकच वस्तू नाहीत. एकच प्लेट, दोन टोकं, एका टोकाला 8,848.86 मीटरचं शिखर आणि ज्वालामुखी नाही, दुसऱ्या टोकाला ज्वालामुखी आणि उंची बेताची. मला विचाराल तर भारतातल्या प्रत्येक पुस्तकात ती जुनी आकृती काढून या दोन टोकांची जोडी छापावी.

अँडीजचं उदाहरण तर आकृतीच्या अगदी वर्मावर बसतं, कारण आकृतीतला खंडाच्या काठचा ज्वालामुखी म्हणजे अँडीजच. पण अँडीजमध्ये सलग ज्वालामुखी नाहीत. पेरूच्या मोठ्या भागात, आणि खाली मध्य चिली आणि अर्जेंटिनाच्या एका पट्ट्यात, नाझका प्लेट खाली जाता जाता सपाट होते आणि वरच्या प्लेटच्या पोटाला लागून आडवी सरकते. मध्ये गरम प्रावरणाची पाचर उरत नाही. पाणी सुटलं तरी ज्याला वितळवायचं तो गरम खडकच तिथे नाही. म्हणून त्या पट्ट्यांत जिवंत ज्वालामुखी नाहीत. पर्वत मात्र आहेत, आणि कसले! पेरूतलं हुआस्कारान 6,768 मीटर, अर्जेंटिनातलं आकोन्काग्वा 6,961 मीटर. आकोन्काग्वा अमेरिका खंडांतलं सर्वोच्च शिखर, आणि ते या ज्वालामुखी नसलेल्या पट्ट्यात येतं. पर्वताला कवच आखडून जाड व्हावं लागतं, ज्वालामुखीला खडक वितळावा लागतो. दोन्हींसाठी अनेकदा एकच सीमा जबाबदार असते, पण ती दोन वेगळी कामं आहेत.

पर्वत उभा कसा राहतो हे तर आकृती सांगतच नाही. ती फक्त बाण काढून वर एक टोक काढते. जणू ढकललं की उभं राहिलं, आणि मग कायम तसंच राहिलं. या प्रश्नाची सुरुवात आपल्याच देशात झाली. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कलियाना आणि कलियानपूर या दोन ठिकाणांमधलं अक्षांशाचं अंतर जमिनीवर मोजून एक आलं, ताऱ्यांवरून दुसरं. फरक 5.236 सेकंदांचा. हिमालयाचं वस्तुमान ओळंबा आपल्याकडे ओढत असणार, म्हणून कलकत्त्याच्या जॉन प्रॅट यांनी ती ओढ किती असायला हवी याचं गणित केलं. उत्तर आलं 15.885 सेकंद. म्हणजे हिमालय दिसतो त्या मानाने फारच कमी ओढत होता. 1855 मध्येच जॉर्ज एअरी यांनी छोट्याशा पेपरात उत्तर सुचवलं: पर्वताखाली हलक्या खडकाचं मूळ खोल गेलेलं आहे, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यांसारखं. जो ओंडका जास्त वर, तो जास्त खोल.

हे गणित वहीच्या समासात करून बघा. तिबेटची सरासरी उंची सुमारे 5 किमी. कवचाची घनता 2.8, प्रावरणाची 3.3 धरा. मुळाची खोली म्हणजे 5 गुणिले 2.8 भागिले 0.5, म्हणजे 28 किमी. नेहमीच्या 35 किमी कवचात वरचे 5 आणि खालचे 28 मिळवा: 68 किमी. भूकंपलहरींवरून तिबेटखालचं कवच सुमारे 70 किमी जाड मोजलं गेलंय. प्लेट टेक्टॉनिक्सच्या शंभरेक वर्षं आधीच्या कल्पनेतून, तीन आकड्यांत! प्रत्यक्षात गोष्ट इतकी साधी नाही, प्लेटचा ताठपणाही वजन उचलतो. पण पर्वत म्हणजे वरचं टोक नाही, खालचं मूळही आहे, हे ज्या आकृतीत दिसत नाही ती पर्वताची आकृती कशी?

रंगाबद्दलही बोलायला हवं. बहुतेक नकलांमध्ये प्रावरण भडक लाल-नारिंगी. त्यामुळे दरवर्षी उत्तरपत्रिकांमध्ये "प्लेट लाव्हारसावर तरंगतात" हे वाक्य येतं. मी आता ज्युनियरांची प्रॅक्टिकल घेते, तिथेही येतं. प्रावरण घन आहे. भूकंपाच्या आडव्या लहरी, ज्या द्रवातून जाऊच शकत नाहीत, त्या त्यातून आरामात जातात. घन असूनही तो लाखो वर्षांत वाहतो, वर्षाला काही सेंटीमीटर. हे पचायला अवघड आहे, मान्य. पण लाल रंग ते पचवायला मदत करत नाही, तो प्रश्नच गायब करतो.

शेवटी बाण. प्रावरणात गोल फिरणारे बाण, आणि त्यावर सामानाच्या पट्ट्यासारख्या सरकणाऱ्या प्लेट. त्या पुस्तिकेत अभिसरणाची वेगळी आकृती आहे, शेजारी उकळत्या सूपचं भांडं. पण तिच्याखालीच लेखकांनी बजावलंय की ही तुलना आकार आणि वेगातला प्रचंड फरक लक्षात घेत नाही. मजकुरात तर ते सांगतात की बुडणारी थंड, जड प्लेट बाकीच्या प्लेटला मागे ओढते, आणि तीच मुख्य चालक शक्ती मानली जाते. नकलांमध्ये भांडं राहिलं, इशारा गळाला. फॉरसिथ आणि उयेदा यांनी 1975 मध्येच प्लेटचे वेग आणि त्यांच्या कडा यांचा हिशेब मांडला होता: ज्या प्लेटच्या कडेचा मोठा भाग खाली बुडतोय त्या वेगवान, पॅसिफिकसारख्या. ज्यांना बुडणारी कडा जवळजवळ नाही त्या संथ. अंटार्क्टिक प्लेटचाच विचार करा. तिच्याभोवती जवळपास सगळीकडे समुद्रमध्य रांगा आहेत, म्हणजे ती सगळ्या बाजूंनी वाढते आहे. मग त्या रांगा तिच्यापासून लांब सरकत राहायलाच हव्यात. प्रत्येक रांगेखाली वर येणारं एकेक कायमचं चक्र आहे असं मानलं तर ती सगळी चक्रंही रांगांबरोबर चालत गेली पाहिजेत. सूपच्या भांड्यात हे बसत नाही. अभिसरण होतंच, पण बुडणारी प्लेट हाच त्या अभिसरणाचा एक भाग आहे, त्यावर बसलेला प्रवासी नव्हे.

सह्याद्रीबद्दल एक टीप, कारण दर वेळी विचारलं जातं. या आकृतीत सह्याद्रीही नाही, आणि इथे तो नसणं बरोबरच आहे. तो प्लेटच्या सीमेवर नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून आलेल्या लाव्ह्याचे थरावर थर, आणि नंतर फाटलेल्या खंडाच्या काठावर झिजत मागे सरकलेला कडा. "ज्वालामुखी पर्वत" म्हणून त्याला फुजीशेजारी बसवणारी उत्तरं मी तपासलेली आहेत. खडक ज्वालामुखीचा आहे, आकार झिजेचा आहे.

मागच्या महिन्यात एका ज्युनियरला मी कोरा कागद दिला आणि म्हटलं, पेरूचा काप काढ, आकृती न बघता. तिने आधी सवयीने ज्वालामुखी काढला, मग थांबली, प्लेट सपाट केली, आणि ज्वालामुखी खोडला. मग विचारलं, "ताई, पण मग इथे पाणी जातं कुठे?" आम्ही अजून त्यावर वाचतोय.